चार्ज देताना लिहिलेली चिठ्ठी

आमच्या सोसायटीचे आधीचे सचिव, ज्यांना सगळी इमारत काका म्हणते, त्यांनी माझ्याकडे चार्ज दिला तेव्हा तीन वस्तू हातात ठेवल्या. लोखंडी कपाटाची किल्ली, संस्थेचा शिक्का आणि फुलस्केपच्या दोन पानांवर पाठपोट लिहिलेली एक चिठ्ठी. कपाटात इतिवृत्ताच्या वह्या, ऑडिट रिपोर्ट, लिफ्टचे करार, महापालिकेच्या पावत्या असं सगळं होतं. पण पहिले सहा महिने मी कपाट फारसं उघडलंच नाही. माझं काम चाललं ते त्या चिठ्ठीवर.

चिठ्ठीत असं लिहिलं होतं : ‘बी विंगचा व्हॉल्व्ह अर्धाच फिरवायचा, पूर्ण फिरवला तर ए विंगला पाणी कमी येतं. टँकर हवा असेल तर आदल्या रात्री आठच्या आत फोन. लिफ्ट बंद पडली तर फोन करण्याआधी मशीनरूममधल्या पॅनलवरचा आकडा वाचून घ्यायचा, म्हणजे माणूस बरोबर सामान घेऊन येतो. ३०२ च्या आजींना नोटीस छापून द्यायची, त्या मोबाइलवर वाचत नाहीत. पावती फाडल्याशिवाय रोख पैसे घ्यायचे नाहीत, कुणी कितीही घाई केली तरी.’

कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे खासगी सहायक आता कुणालाही घरबसल्या बनवता येतात, त्यांच्याबद्दल मला सांगायचं आहे आणि सुरुवात या चिठ्ठीपासूनच करावी लागते. कारण असा सहायक बनवणं म्हणजे चार्ज देण्याची चिठ्ठी लिहिणं. त्यात प्रोग्रॅमिंगचा एक शब्दही लागत नाही. लागते ती आपल्या कामाची बारीक जाण आणि ती जाण कागदावर उतरवण्याची चिकाटी. ही गोष्ट संगणकवाल्यांपेक्षा काकांसारख्या माणसांकडे जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

चॅटजीपीटी लोकांपुढे आलं ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. त्यानंतर वर्षभराने, ६ नोव्हेंबर २०२३ रोजी, ओपनएआय कंपनीने त्यात एक नवी सोय दिली : सूचना लिहा, हव्या तर फाइली जोडा, नाव द्या, आणि तुमच्या कामापुरता वेगळा सहायक तयार. पुढच्या दोनच महिन्यांत असे ३० लाखांहून अधिक सहायक बनले, असं कंपनीनेच जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. गूगलच्या जेमिनीत २०२४ मध्ये ‘जेम’ आलं, अँथ्रॉपिकच्या क्लॉडमध्ये त्याच वर्षी ‘प्रोजेक्ट’. नावं वेगळी असली तरी आतली रचना सारखीच आहे. चॅटजीपीटीत दुसऱ्याने बनवलेला सहायक फुकट वापरता येतो, बनवण्यासाठी मात्र पैसे भरून घेतलेलं खातं लागतं. जेम फुकटच्या खात्यावरही बनतं. मी सुरुवात जेमपासून केली ती त्याचसाठी.

बनवायची खिडकी उघडली की तीन-चार रकाने दिसतात. नाव, सूचना, फाइली, आणि बाजूला करून बघायची जागा. यातला सूचनांचा रकाना म्हणजेच आपली चिठ्ठी. तो रकाना नेमकं काय करतो हे समजून घेतलं, की पुढचे बरेच गोंधळ टळतात.

भाषेचं मॉडेल हे अफाट मजकुरावरून घडवलेलं असतं. समोर आलेला मजकूर बघून पुढे कोणता शब्द यायला हवा याचा अंदाज बांधत ते लिहीत जातं. आपण सहायक बनवतो तेव्हा त्या मॉडेलमध्ये काहीही बदलत नाही. ते आपलं काम ‘शिकत’ नाही. होतं एवढंच, की आपण प्रश्न विचारला की आपली चिठ्ठी गुपचूप त्या प्रश्नाच्या आधी ठेवली जाते आणि दोन्ही मिळून मॉडेलपुढे जातात. दर वेळी नवी सुरुवात, दर वेळी तीच चिठ्ठी पहिल्यापासून वाचणं. असा एक कारकून डोळ्यांसमोर आणा, जो जगभरचं वाचून आला आहे, पण रोज सकाळी कालचं सगळं विसरून कामावर येतो आणि टेबलावरची चिठ्ठी वाचून कामाला लागतो. चिठ्ठीत जे नाही ते त्याच्या लेखी नाहीच. काही सेवांमध्ये आता स्मरणशक्तीची सोय आली आहे, पण तीही वेगळी वही ठेवून त्यातल्या नोंदी पुन्हा पुढे मांडणंच आहे.

चालवणारं यंत्र एक आणि त्याला काय व्हायचं ते सांगणारा कागद दुसरा, ही वाटणी नवी नाही. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम बनवला आणि जानेवारी १९६६ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यात मूळ प्रोग्रॅम वेगळा होता आणि संभाषणाचे नियम वेगळ्या संहितेत लिहिलेले होते. ‘डॉक्टर’ नावाची संहिता घातली की एलायझा मानसोपचारतज्ज्ञासारखी बोले. मात्र ती संहिता लिहिण्यासाठी खास खुणांची भाषा यावी लागे. ‘पाहुण्यांशी नीट बोल’ असं साध्या शब्दांत लिहून भागत नसे. आता भागतं. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हा पहिला लोकप्रिय स्प्रेडशीट प्रोग्रॅम आला, तेव्हा हिशेबनीसांना आपल्या ताळेबंदासाठी प्रोग्रॅमरच्या दारात उभं राहावं लागेनासं झालं. आत्ता जे चाललं आहे त्याची जात तीच आहे, फक्त या वेळी आकड्यांच्या जागी शब्द आहेत.

माझ्या पहिल्या चिठ्ठीत एकच ओळ होती : ‘तू आमच्या सोसायटीचा हुशार आणि नम्र सहायक आहेस.’ मग मी त्याला टाकी धुण्याची नोटीस लिहायला सांगितली. जे आलं ते असं : ‘प्रिय रहिवाशांनो, आशा आहे की हा संदेश तुम्हाला उत्तम स्थितीत सापडेल. आम्ही आपणास कळवू इच्छितो की पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेची क्रिया नियोजित करण्यात आली आहे. तुमच्या संयमाबद्दल आम्ही तुमचे मनःपूर्वक आभार मानतो.’ नोटिशीच्या वर तारीखही त्याने मनानेच घातली होती. नोटीस फळ्यावर लावली असती तर काकांनी खाली उभं राहून विचारलं असतं, ‘हे कुणी लिहिलं?’

शब्द मराठी, घडण इंग्रजी. याचं कारण उघड आहे. ज्या मजकुरावर ही मॉडेलं घडली त्यात इंग्रजी डोंगराएवढं आणि मराठी त्याच्या पायथ्याएवढं. त्यामुळे ‘नम्र’ म्हटलं की त्याला इंग्रजी पत्रातली नम्रता आठवते. आपल्या नोटिशीतली नम्रता वेगळ्या ठिकाणी असते. ‘कळविण्यात येते’, ‘सहकार्य करावे’ अशा कर्मणी आणि विध्यर्थी रूपांत ती असते. तिथे ‘तुम्ही’ येतच नाही. थकबाकीच्या पत्रात ‘आपल्या नावे’ लागतं. गेटवरच्या गड्याला लिहायच्या चार ओळींत सरळ ‘तुम्ही’ चालतं. इंग्रजीत या सगळ्याला एकच सर्वनाम पुरतं, म्हणून सहायक एकाच परिच्छेदात ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आणि तिथून थेट ‘तू’वर घसरतो. स्वतःबद्दल बोलतानाही कधी ‘करू शकतो’ तर कधी ‘करू शकते’.

यावर उपाय विशेषणांचा नाही. ‘चांगलं मराठी लिही’, ‘सोपं लिही’, ‘इंग्रजीसारखं लिहू नकोस’ हे सगळं मी लिहून पाहिलं, फरक पडला तो थोडाच. खरा फरक पडला तो नमुन्यांनी. कपाटातून मी काकांच्या हातच्या तीन जुन्या नोटिसा काढल्या, एक पाणीकपातीची, एक सभेची, एक गच्चीवर फटाके न वाजवण्याबद्दलची. त्या टंकून चिठ्ठीत घातल्या आणि वर लिहिलं, ‘नोटीस या तीन नमुन्यांच्या घडणीची असावी.’ शेजारी हेही : ‘तारीख, वार, वेळ आणि विंग यांपैकी काही मी सांगितलं नसेल तर आधी विचार. मनाने घालू नकोस. आभाराची ओळ नको. नोटीस सहा ओळींच्या वर जाऊ नये.’

मग आलं ते असं :

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, शनिवार, दि. १७ मे रोजी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत दोन्ही विंगच्या गच्चीवरील टाक्या धुण्यात येणार आहेत. या वेळेत नळाला पाणी येणार नाही. तरी आदल्या रात्री आवश्यक तेवढे पाणी भरून ठेवावे. काम झाल्यावर पहिली दहा मिनिटे पाणी गढूळ येण्याची शक्यता आहे, ते पिण्यासाठी वापरू नये.’

मी फक्त सही केली आणि ३०२ च्या आजींसाठी एक प्रत छापली.

नमुना का चालतो? मॉडेलचं कामच समोरच्या मजकुराला साजेसं पुढचं लिहिणं आहे. ‘नम्र’ या शब्दाला हजार अर्थ जुळतात, पण तीन नोटिसा समोर असल्या की चौथी कशी असावी याला फारशी पळवाट राहत नाही. नव्या माणसाला आपणही असंच शिकवतो. ‘पोळी मऊ कर’ असं सांगून पोळी येत नाही, शेजारी उभं राहून तीन पोळ्या लाटून दाखवाव्या लागतात.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक अडचण अनेक वर्षं होती, ती बरीचशी कमी झाली आहे. मॉडेल मजकूर शब्दांत वाचत नाही, तुकड्यांत वाचतं. त्या तुकड्याला टोकन म्हणतात. देवनागरीचे तुकडे पूर्वी फार बारीक पडत. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवं मॉडेल आणताना वेगवेगळ्या भाषांतल्या एकाच अर्थाच्या मजकुराची तुलना दिली होती. त्यातल्या मराठी मजकुराला जुन्या पद्धतीत ९६ टोकन लागत, नव्या पद्धतीत ३३. इंग्रजीला आधी २७ लागत, नंतर २४. म्हणजे मराठी लिहिण्याचा दंड साडेतीन पटींवरून दीड पटीच्या आत आला. तेव्हा चिठ्ठी इंग्रजीतच लिहावी, हा जुना सल्ला आता विसरायला हरकत नाही. ज्या भाषेत तुम्ही काम करता त्याच भाषेत लिहा, तरच बारकावे उतरतात.

नोटिसांचं जमलं, मग मी नियमांकडे वळले. सोसायटीत निम्मे वाद ‘नियम काय सांगतो’ यावर होतात. मी सहायकाला विचारलं, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची? तो ताबडतोब म्हणाला, २१ दिवस. अगदी ठामपणे, कारणासकट. उत्तर चुकीचं होतं. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. मग २१ आले कुठून? २०१३ च्या कंपनी कायद्यात कंपन्यांच्या सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण २१ दिवसांची नोटीस सांगितली आहे. इंटरनेटवर कंपनी कायद्याबद्दल लिहिलेलं महाराष्ट्राच्या उपविधींच्या कितीतरी पट आहे. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ आणि ‘नोटीस’ हे शब्द एकत्र आले की ज्याची गर्दी मोठी तोच आकडा पुढे आला. ही चूक मला फार बोलकी वाटली. त्याने थाप मारली नव्हती, शेजारच्या घराचं उत्तर आपल्या घरी आणून दिलं होतं. अशी चूक अगदी खरी दिसते, म्हणूनच ती पकडणं अवघड.

इथे फाइलींचा रकाना कामी येतो. उपविधींची फाइल जोडली म्हणजे त्याने ती वाचून पाठ केली, असा समज असतो. तसं होत नाही. मोठी फाइल बहुतेक वेळा लहान लहान तुकड्यांत कापली जाते. प्रत्येक तुकड्याची आकड्यांच्या एका लांबलचक रांगेत नोंद होते आणि ही नोंद अशा रीतीने होते की अर्थाने जवळचे तुकडे आकड्यांनीही जवळ पडतात. प्रश्न आला की त्याचीही अशीच नोंद होते, जवळात जवळचे काही तुकडे उचलले जातात आणि चिठ्ठीसोबत मॉडेलपुढे ठेवले जातात. म्हणून सभासदाने ‘घर भाड्याने दिलं तर सोसायटी जास्तीचे किती घेऊ शकते?’ असं विचारलं तरी ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’चा तुकडा सापडतो, जरी प्रश्नात तो शब्दच नसला तरी. (ते शुल्क १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पूर्ण बिलाच्या १० टक्के घेणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.) पण तुकडा नेमका नियमाच्या मध्येच कापला गेला, नियम एका तुकड्यात आणि अपवाद दुसऱ्यात राहिला, तर उत्तर अर्धवट येतं आणि अर्धवट आहे हे कळतही नाही.

मराठी फाइलींचा आणखी एक घोळ आहे आणि तो कुणी सांगत नाही. आपल्याकडची कितीतरी परिपत्रकं, अहवाल, अगदी सोसायट्यांच्या जुन्या नोटिसासुद्धा श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं असतात, फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. यंत्र मुखवटा बघत नाही, आतली अक्षरं वाचतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. फाइलीतली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी आलं तर युनिकोड आहे, फाइल चालेल. अगम्य रोमन चिन्हं आली तर ती फाइल द्यायची नाही. स्कॅन केलेल्या पानांतून ओळ कॉपीच होत नाही, त्यात मजकूर नसून चित्र असतं. गूगल लेन्ससारख्या सोयीने पानाचा फोटो काढून मजकूर उचलता येतो, पण त्यात ‘घ’चा ‘ध’ आणि ‘३’चा ‘२’ होऊ शकतो, तेव्हा आकडे तरी डोळ्यांखालून घालावेच लागतात.

मी शेवटी पूर्ण उपविधी दिलेच नाहीत. आम्हाला वर्षभरात खरोखर लागणारे नियम निवडले, प्रत्येकावर मथळा दिला, खाली नियम आणि त्याचा अपवाद एकाच परिच्छेदात लिहिला आणि उपविधीचा क्रमांक घातला. बारा पानं झाली. चार रविवार गेले. चिठ्ठीत एक ओळ वाढवली : ‘नियमाबद्दलचं उत्तर फक्त जोडलेल्या फाइलीतून दे, सोबत उपविधीचा क्रमांक दे, आणि तिथे नसेल तर “फाइलीत सापडलं नाही” एवढंच लिही.’ या ओळीचं मोल मोठं आहे. मॉडेलला उत्तर देण्याचीच सवय असते, ‘नाही माहीत’ म्हणण्याची परवानगी आपण लिहून द्यावी लागते. आणि क्रमांक मिळाला की मी कपाटातलं पुस्तक उघडून एका मिनिटात पडताळते. ज्यांना फक्त कागदपत्रांवरून प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी गूगलचं नोटबुकएलएम वापरून पाहावं. ते उत्तराशेजारीच मूळ मजकुरातली जागा दाखवतं.

यासोबत मी वीस प्रश्नांची एक यादी ठेवली आहे, ज्यांची उत्तरं मला पक्की ठाऊक आहेत. चिठ्ठीत एक शब्द बदलला तरी विसाच्या वीस प्रश्न पुन्हा विचारते. कंटाळवाणं आहे, पण एक सूचना सुधारताना दुसरी बिघडते हे मी दोनदा पाहिलं आहे.

तळमजल्यावरच्या ताईंनी दिवाळीत माझं बघून स्वतःचा सहायक करून घेतला. त्या फराळाच्या ऑर्डर घेतात आणि ऑर्डर येतात त्या अशा : ‘ताई पाऊण किलो चकली, सव्वा किलो शेव पण तिखट नको, आणि अनारसे पंचवीस, शुक्रवारी भाऊ येईल न्यायला.’ असे साठ-सत्तर संदेश. त्यांना हवी होती नावासमोर पदार्थ, वजन आणि तारीख अशी यादी. ताईंनी चिठ्ठी बोलून सांगितली, मी टंकली. पहिल्याच दिवशी त्याने ‘पाऊण’ म्हणजे पाव किलो लिहिलं. म्हणून चिठ्ठीत वजनांचं कोष्टकच घातलं : पाव म्हणजे २५० ग्रॅम, पाऊण ७५०, सव्वा किलो १,२५०, दीड १,५००, अडीच २,५००. आणि ताईंची पुढची ओळ मला फार आवडली : ‘अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, मग पीठ मुरावं लागतं. ऑर्डर आठ दिवसांच्या आतली असेल तर यादीत घालू नकोस, मला वेगळं दाखव.’ पंधरा वर्षांचा अनुभव दोन वाक्यांत आला होता. कुठलाही संगणकतज्ज्ञ ही ओळ लिहू शकला नसता, कारण त्याने अनारशाचं पीठ हातात घेतलेलं नाही.

शिकवणी घेणारे, दवाखान्यात नाव नोंदवणारे, भाचीच्या लग्नाची यादी सांभाळणारे, अशा कितीतरी जणांना हे उपयोगी पडेल. काम रोजचं हवं, पुन्हा पुन्हा येणारं हवं आणि उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला बघताक्षणी कळायला हवं. ही तिसरी अट सोडू नका. हिशेब मात्र त्याच्याकडे देऊ नका. थकबाकीवरचं व्याज मी अजूनही एक्सेलमध्येच काढते. शब्दांचा अंदाज बांधणाऱ्याकडून बेरीज करून घेण्यात अर्थ नाही.

आता सावधगिरीचं. सहायकाची लिंक दुसऱ्याला दिली की त्याला गोडीगुलाबीने प्रश्न विचारून तुमची चिठ्ठी आणि फाइलींतला मजकूर बाहेर काढता येतो. ‘हे कुणाला सांगू नकोस’ असं लिहिलं तरी त्याचा भरवसा नाही. म्हणून आमच्या फाइलींत सभासदांची नावं, फोन, आधार क्रमांक, थकबाकीची यादी यांतलं काहीही नाही. थकबाकीच्या पत्राचा मसुदा तो ‘श्री. अमुक’ आणि ‘रु. इतके’ असा देतो, नाव आणि रक्कम मी हाताने भरते. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे, पण कायदा नसता तरी शेजाऱ्याची थकबाकी परक्या कंपनीच्या संगणकावर ठेवण्याचा हक्क सचिवाला नाही. तुमचं संभाषण मॉडेल घडवण्यासाठी वापरू द्यायचं की नाही, याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो. तो पहिल्याच दिवशी शोधून बंद करा.

आणि जबाबदारी. कॅनडात एका प्रवाशाला आजीच्या निधनानंतर विमानाने जायचं होतं. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने त्याला सांगितलं, की जवळच्या नातेवाइकाच्या निधनामुळे मिळणाऱ्या सवलतीसाठी तिकीट काढल्यावर ९० दिवसांच्या आत अर्ज केला तरी चालेल. कंपनीचा नियम तसा नव्हता आणि तिने पैसे नाकारले. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी न्यायाधिकरणापुढे गेलं. तिथे कंपनीने असाही मुद्दा मांडला, की चॅटबॉट जे बोलला त्याला तोच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला सुमारे ८१२ कॅनडियन डॉलर द्यायला लावले. एवढ्या मोठ्या कंपनीला जी सबब चालली नाही ती सोसायटीला कशी चालेल? ‘सहायकाने तसं सांगितलं’ हे वाक्य आमच्या समितीच्या सभेत कुणीही म्हणायचं नाही, असा ठरावच आम्ही केला आहे. सहायक फक्त समितीचे लोक वापरतात. सभासदांच्या ग्रुपवर त्याची लिंक टाका, असा आग्रह दोघातिघांनी धरला होता. मी नकार दिला आणि अजूनही त्यावर ठाम आहे. सभासदाला उत्तर माणसाने द्यावं, सहायकाने फार तर त्याचा मसुदा करावा.

काका अधूनमधून येऊन बसतात. मी त्यांना चिठ्ठीची ताजी प्रत वाचून दाखवते. मागच्या महिन्यात ऐकता ऐकता ते थांबले आणि म्हणाले, ‘पावसाळ्याआधी गच्चीवरच्या पन्हाळ्यांत कबुतरांची घरटी बघायची, ते मी लिहिलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यानेच चौथ्या मजल्यावर पाणी गळलं होतं.’ ते मी त्यांच्यासमोरच चिठ्ठीत घातलं.

तुमच्या सोसायटीत, शाळेत, मंडळात, दुकानात असं कुणी असेल, ज्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही, तर या रविवारी त्यांच्याकडे जा. एक वही घेऊन जा. संगणक नंतर उघडला तरी चालेल.